दहावी झाली, डॉक्टर व्हायचंय: अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत नेमकं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातली मुलगी सेमी-इंग्रजीतून दहावीची परीक्षा देऊन मार्चच्या मध्याला मोकळी झाली आहे. डॉक्टर व्हायचं तिनं पक्कं ठरवलंय. सांगलीतला एक क्लास म्हणतो, एप्रिलपासून 'नीट'ची, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची, दिवसभराची बॅच घ्या. नातेवाईक म्हणतात, लातूरच्या क्लासला पाठवा. आजी म्हणते, पोरीला जरा झोपू द्या. आईवडिलांना विचारायचंय की या सुट्टीचं करायचं काय.

पहिले दहा-बारा दिवस आजीचं ऐका. त्यानंतर मात्र रोज तीन तास, ठरलेल्या वेळी, शक्यतो सकाळी सात ते दहा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी बारानंतर पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत बसून डोकं चालत नाही, आणि वीज कधी जाईल याचाही भरवसा नसतो. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. सुट्टी तीन महिन्यांची वाटते, पण ती लांबते. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्या वर्षी दहावीचा निकाल १३ मेला लागला तरी फेऱ्या लांबत गेल्या आणि वर्ग ऑगस्टमध्ये भरले. म्हणजे हाताशी साडेचार महिने असू शकतात. 'कॉलेज सुरू झालं की बघू' म्हणणाऱ्याचे हे सगळे महिने जातात.

आता मुख्य मुद्दा. ही सुट्टी अकरावीचा अभ्यासक्रम आधीच उरकण्यासाठी नाही. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, म्हणून बहुतेक मुलं सुट्टीत जीवशास्त्राचं पुस्तक पाठ करायला घेतात. ते सोपं जातं, बरंही वाटतं. पण अकरावी बुडते ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि बुडते भौतिकशास्त्रात. तिथंही भौतिकशास्त्र अवघड असतं म्हणून नाही, तर हातात गणित नसतं म्हणून. सध्याच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात पहिला धडा एककं आणि मापनाचा आहे, आणि दुसराच धडा गणिती पद्धतींचा: सदिश (व्हेक्टर), डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन. मुलीनं पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) घेऊन गणित सोडलं असेल तर हे सगळं तिला गणिताच्या तासाला भेटणारच नाही. भौतिकशास्त्राचे सर तो धडा आठ दिवसांत संपवतात, आणि पुढची दोन वर्षं मुलगी सूत्रं पाठ करत राहते. म्हणून सुट्टीतला रोजचा पहिला दीड तास गणिताला द्या.

कोणतं गणित? दहावीच्या भूमितीच्या पुस्तकापासूनच सुरू करा. त्यात निर्देशक भूमितीमध्ये रेषेचा चढ आलेला आहे. तोच चढ वेग-काळ ग्राफवर काढला की त्वरण मिळतं, आणि ग्राफच्या खालचं क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन. हे एकदा चौकटीच्या वहीत स्वतः काढून पाहिलं की डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन हे शब्द घाबरवत नाहीत. त्रिकोणमिती दहावीत ९० अंशांपर्यंत येते. तिला १८० पर्यंत न्यायचं, रेडियन म्हणजे काय ते समजून घ्यायचं, आणि ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांच्या किमती झोपेतून उठवलं तरी सांगता याव्यात.

त्याहून जास्त वेळ घातांकांना द्या. नीटमध्ये कॅल्क्युलेटर नसतो, लॉगचं पुस्तकही नसतं. १८० प्रश्नांना १८० मिनिटं असतात. एक नमुना घ्या: ६.६ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, गुणिले ३ गुणिले १० चा ८ वा घात, भागिले ५ गुणिले १० चा उणे ७ वा घात. आधी साधे आकडे वेगळे काढायचे: ६.६ गुणिले ३ म्हणजे १९.८, भागिले ५ म्हणजे ३.९६. मग घात: उणे ३४ अधिक ८ म्हणजे उणे २६, आणि त्यातून उणे ७ वजा करायचे म्हणजे उणे १९. इथंच मुलं घसरतात. भाजकातला उणे ७ वर आणताना चिन्ह बदलायचं विसरतात आणि उणे ३३ लिहितात. सूत्र बरोबर असतं, किमती बरोबर असतात, आणि चार गुण जाऊन वर एक कापला जातो. अशी दहा उदाहरणं रोज, हातानं, घड्याळ लावून. सुरुवातीला एकाला तीन मिनिटं लागतील. मे संपेपर्यंत ती पाऊण मिनिटावर आली पाहिजेत.

लॉग दहावीपर्यंत येतच नाही, आणि रसायनशास्त्रात पीएच, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, काढायला तो लागतो. सुट्टीत एवढंच पुरे: २ चा लॉग ०.३०१, ३ चा ०.४७७, गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज. हायड्रोजन आयनांची संहती २ गुणिले १० चा उणे ३ वा घात असेल तर पीएच ३ वजा ०.३, म्हणजे २.७. शिवाय २ आणि ३ ची वर्गमुळं, १.४१ आणि १.७३, आणि पायचा वर्ग साधारण १० धरायचा, हे पाठ असू द्या.

सूत्र फिरवून लिहिणं हे आणखी एक. ते वहीत शिकवण्यापेक्षा दोऱ्यावर शिकवा. हार्डवेअरच्या दुकानातून एक जड नट आणा, दोऱ्याला बांधा आणि दाराच्या चौकटीला टांगा. टांगलेल्या बिंदूपासून नटच्या मध्यापर्यंत बरोबर १०० सेंटिमीटर भरले पाहिजेत. मुलं नटच्या वरच्या कडेपर्यंत मोजतात, ते चूक. नट बाजूला पंधरा सेंटिमीटरपेक्षा जास्त ओढायचा नाही, नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. २० आंदोलनांना मोबाइलच्या स्टॉपवॉचवर सुमारे ४० सेकंद लागतील, म्हणजे एकाला २, हाच आवर्तकाळ. आता आवर्तकाळाचं सूत्र उलटं फिरवून गुरुत्व त्वरण काढा: चार गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले आवर्तकाळाचा वर्ग. उत्तर ९.८७ च्या आसपास येतं.

पहिल्या खेपेला मात्र बऱ्याच मुलांचं उत्तर ११ च्या जवळ जातं. कारण स्टॉपवॉच दाबताना ती 'एक' म्हणतात, 'शून्य' नाही. त्यामुळे मोजली जातात १९ आंदोलनं, वेळ येतो ३८ सेकंद, त्याला २० नं भागलं की १.९. वेळेत चूक फक्त पाच टक्क्यांची, पण सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून उत्तरात ती दहा टक्क्यांची होते. अकरावीच्या पहिल्याच धड्यात मापनातल्या त्रुटींचा भाग आहे, तो हाच. तो धडा मुलांना सगळ्यात रटाळ वाटतो. चूक स्वतःच्या हातून झालेली असली की तसं होत नाही.

रसायनशास्त्राला सुट्टीत फार वेळ नको. पहिल्या तीस मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि अणुक्रमांक, नेहमीच्या आयनांच्या संयुजा, समीकरणं संतुलित करणं आणि मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक) ही संकल्पना, एवढंच. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण तापवलं तर ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. मग २५ ग्रॅमपासून किती? ११, हे तोंडी यायला हवं. मोल कच्चा राहिला की अकरावीचा निम्मा रसायनशास्त्राचा पेपर अंधारात जातो.

इंग्रजीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सेमीच्या पालकांना ती अडचण वाटत नाही आणि इथंच गुण गळतात. सेमीच्या मुलीला 'फोटोसिंथेसिस' अडत नाही. अडतात ते साधे शब्द: 'रिस्पेक्टिव्हली', 'व्हेअरॅज', 'डिव्हॉइड ऑफ', 'प्रिसीड', 'अ‍ॅडजेसंट'. आणि 'खालीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही' यातला 'नॉट' नजरेतून सुटतो. नीटचा पेपर मराठीतही मिळतो, १३ भाषांमध्ये ती सोय आहे. पण अकरावी-बारावी विज्ञानाची पुस्तकं, क्लासच्या नोट्स, सराव पेपर सगळं इंग्रजीत असतं. भाषांतरात काही फरक पडला तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरला जातो. म्हणून मन इंग्रजीवरच ठरवा आणि सवय आत्ता लावा. एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेचं अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक त्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. रोज दोन पानं मोठ्यानं वाचायची. पाठ करायची नाहीत. अडलेला शब्द वहीत, त्याच्यापुढे मराठी अर्थ आणि त्याच पुस्तकातलं ते वाक्य. दिवसाला आठ शब्दांपेक्षा जास्त नको. मग पुस्तक मिटून, वाचलेलं तिनं तुम्हाला मराठीत सांगायचं. आईला विज्ञान येत नसलं तर उत्तमच, कारण आईला कळेपर्यंत सांगता आलं म्हणजे मुलीला समजलं.

जीवशास्त्राचा सुट्टीतला अभ्यास पुस्तकापेक्षा रानात आणि स्वयंपाकघरात होतो, आणि आपल्या भागातल्या मुलांना हे फुकट आहे, शहरातल्यांना नाही. नीटच्या अभ्यासक्रमात वनस्पतींची काही कुळं नावानिशी दिलेली आहेत. ती बांधावरून फिरताना दिसतात: भेंडी, कापूस, जास्वंद हे माल्व्हेसी, भुईमूग, हरभरा, सोयाबीन लेग्युमिनोसी, मुळा, मोहरी क्रुसिफेरी, सूर्यफूल, झेंडू कंपोझिटी, ऊस, ज्वारी, गहू ग्रॅमिनी.

जास्वंदीचं एक फूल घ्या आणि दाढीच्या नव्या ब्लेडनं उभं चिरा. सगळ्यात खाली हिरव्या बारीक पात्यांचं एक जादा वलय दिसेल, ते एपिकॅलिक्स. त्याच्या आत पाच निदलं जुळलेली. पाच पाकळ्या एकीवर एक पिळल्यासारख्या. मधली लांब नळी म्हणजे पुंकेसरांचे दांडे एकत्र जुळून झालेली, आणि तिच्या आतून वर येणाऱ्या कुक्षीवृंताच्या टोकाला पाच कुक्षी. आता कोवळी भेंडी आडवी कापा: बहुधा पाच कप्पे, आणि बिया मधल्या अक्षाला चिकटलेल्या. शेजारी घेवड्याची शेंग उघडा: कप्पा एकच, बिया एका शिवणीला. बीजांडांच्या मांडणीचे दोन प्रकार चिरायच्या पाटावर समोरासमोर आले. या दोन्हीची पेन्सिलनं आकृती काढायची, शेडिंग न करता, नावं उजवीकडे एका ओळीत. आकृती बघून काढलेली असेल तरच ती परीक्षेत आठवते.

घरात मांसाहार चालत असेल तर मटणाच्या दुकानातून बकऱ्याचं हृदय आणा. 'काळीज' म्हणालात तर दुकानदार कलेजी देईल, आणि कलेजी म्हणजे यकृत. 'दिल' मागा, आणि ते न चिरता, वरच्या नळ्यांसकट द्यायला सांगा, नाहीतर ते कापून, साफ करून मिळतं आणि झडपा गेलेल्या असतात. हातमोजे घाला, जुनी थाळी घ्या, स्वयंपाकाचा पाट वापरू नका. दोन्ही बाजू बोटांनी दाबून पाहा: एक भिंत मऊ, दुसरी घट्ट. घट्ट ती डावी, कारण तिला रक्त सगळ्या शरीरभर ढकलायचं असतं. उजवीला फक्त फुप्फुसापर्यंत. डावा कप्पा उघडला की पांढरे बळकट दोरे झडपेपासून भिंतीकडे जाताना दिसतात. ते झडपेला उलटं वळू देत नाहीत. मुलीला हे बघताना मळमळलं तर लगेच निष्कर्ष काढू नका. पहिल्यांदा बहुतेकांना होतं.

आता क्लासचं. एप्रिलपासूनच्या दिवसभराच्या बॅचला माझा स्पष्ट नकार आहे. दहावीच्या गणितावर उभं राहायच्या आत तिथं सदिश आणि गतीचे नियम उरकले जातात. ऑगस्टमध्ये तेच पुन्हा सुरू झालं की मुलीला वाटतं, हे तर झालंय, आणि ती लक्ष देत नाही. लावायचाच असेल तर जूनपासून, दिवसाला दोन-अडीच तासांचा. फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा आणि कागदावर घ्या: भौतिकशास्त्र प्रत्यक्ष कोण शिकवणार, वर्गात मुलं किती, शंका विचारायचा वेळ कोणता, आणि मध्येच सोडलं तर किती पैसे परत. शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर पूर्ण वर्षाची फी एकदम भरू नका.

लातूर वाईट नाही. पण सोळाव्या वर्षी घराबाहेर पडलेल्या मुलीला पहिले दोन महिने जेवण, खोली आणि घरची आठवण यातच जातात, आणि तेच अकरावीचे सगळ्यात महत्त्वाचे महिने. सांगलीत चांगले शिकवणारे मिळत असतील तर पहिलं वर्ष घरूनच करा. मात्र प्रवास मोजा. एसटीनं जाऊन-येऊन रोज दोन तास जात असतील तर तीनशे दिवसांचे सहाशे तास होतात. तसं असेल तर सांगलीतच मावशी-आत्याकडे किंवा वसतिगृहात सोय बघा.

राज्याबाहेर पाठवताना तर फार जपून. मिरजेचं १९६२ पासूनचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याचं नवं शासकीय महाविद्यालय, यांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात. त्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि वर अधिवास प्रमाणपत्र लागतं. बदलीच्या नोकरीतल्यांना वगैरे काही अपवाद आहेत. राजस्थानातलं कोटा शहर, हैदराबाद किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात बारावी केली की हा दरवाजा बंद होऊ शकतो. जत आणि मिरज तालुक्यातल्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण त्यांना पलीकडचं कॉलेज जवळ पडतं. कराडचं कृष्णा आणि सांगलीचं भारती ही अभिमत विद्यापीठांची महाविद्यालयं आहेत. तिथले प्रवेश देशपातळीवरच्या समुपदेशनातून होतात आणि फी कितीतरी पट जास्त असते.

कागदपत्रांचं काम मुलीचं नाही, तुमचं, आणि ते एप्रिलमध्येच करायचं. आधार, दहावीचं हॉल तिकीट, जन्मदाखला, जातीचा दाखला या चारही ठिकाणी नाव, आडनाव, वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते बघा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. शाळेत लवकर घातलेल्या मुलांचा हिशेब आत्ताच करा.

आरक्षणातून जायचं असेल तर खरी अडचण जात वैधतेची असते. अर्ज अकरावी-बारावीत कॉलेजमार्फत करायचा असतो, पण पुरावे गोळा करायला महिने लागतात. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे बघितले जातात. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. तो जिल्हा परिषदेच्या त्या गावच्या शाळेत मिळतो, आणि मे महिन्यात शाळा बंद असते. मुख्याध्यापक गावाला गेले की जूनच्या मध्यापर्यंत थांबा. म्हणून एप्रिल. चुलत घराण्यात कुणाला वैधता आधीच मिळालेली असेल तर ती प्रत आणि वंशावळ मागून ठेवा. लग्नसराईत सगळे भेटतात, तेव्हाच विषय काढा. नॉन-क्रीमिलेअर मात्र आत्ता काढण्यात अर्थ नाही. प्रवेशाच्या वेळी त्याची मुदत चालू असावी लागते.

डॉक्टर व्हायचं म्हणजे काय, हे मुलीनं या सुट्टीत एकदा तरी जवळून बघावं. त्यासाठी मोठं हॉस्पिटल नको. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून, रीतसर विचारून, तीन-चार सकाळी बसायची परवानगी घ्या. बसायचं आणि बघायचं. केसपेपरच्या खिडकीवर किती वेळ जातो, डॉक्टर एका माणसाला किती मिनिटं देतात, काय विचारतात. लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंना लसीच्या बाटलीवरचं चिन्ह दाखवायला सांगा: वर्तुळाच्या आत एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली, तेवढाच किंवा जास्त गडद झाला की ती उष्णतेनं खराब झाली, टाकून द्यायची. मोबाइल बाहेर काढायचा नाही, फोटो नाही, आणि कुणाला काय आजार होता हे घरीसुद्धा नावानं सांगायचं नाही. ओळखीच्या दवाखान्यात 'हाताला सवय' म्हणून इंजेक्शन द्यायला कुणी सांगितलं तर स्वच्छ नाही म्हणा. ते बेकायदा आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

त्याच वेळी हिशेबही कागदावर मांडा. अठराव्या वर्षी प्रवेश, साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, शासकीय महाविद्यालयातून शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा, मग पदव्युत्तरची तीन. सगळं पहिल्या प्रयत्नात जमलं तरी अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास ती विशेषज्ञ होईल. हे ऐकून ती गप्प झाली तर तिला बोलू द्या, समजूत घालायची घाई नको.

आणि तब्येत. डोळे तपासून घ्या. मागच्या बाकावरून फळा न दिसणारी पण कुणालाच न सांगणारी मुलं बरीच असतात. रक्तातलं हिमोग्लोबिन बघा. या वयाच्या मुलीचं १२ च्या खाली असेल तर ते कमी आहे, आणि 'अभ्यासात लक्ष लागत नाही' याचं कारण तिथं असू शकतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, चहानं लोह नीट शोषलं जात नाही. लिंबूपाण्याबरोबर चालतात. दातांचं काही काम असेल तर तेही आत्ताच उरका.

निकाल लागला की प्रवेशाचा अर्ज भरताना पसंतीक्रम मुलीसोबत बसून लावा. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही तर २०२५ च्या नियमांनुसार पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागत होतं. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज टाका जिथं ती खरंच जाणार आहे, जिथं प्रयोगशाळा रोज उघडते आणि जिथून संध्याकाळी ती वेळेत घरी पोचेल. आणि विषय निवडताना, झेपत असेल तर गणित ठेवा. निदान पहिलं सत्र तरी.